छायाचित्रावरून किडीच्या पतंगाची ओळख

मक्याच्या पोंग्यात अळी दिसताच औषध फवारण्याची घाई होते. तथापि, लष्करी अळी या नावाने एकाहून अधिक जाती ओळखल्या जातात आणि त्यांचे पतंग प्रथमदर्शनी सारखेच भासतात. कीड कोणती हे ठरल्याशिवाय उपाय ठरविणे म्हणजे पैसा व श्रम वाया घालविणे होय.

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर आढळली व त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. या जातीचे शास्त्रीय वर्णन १७९७ मध्येच झाले होते. परंतु ती मूळची अमेरिका खंडातील असल्याने, हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात सिद्ध केलेल्या भारतीय पतंगांवरील चार खंडांत तिचा समावेश नाही. केवळ जुना ग्रंथ उघडून बसणारा अभ्यासक तिला एखाद्या देशी जातीचे नाव देऊन मोकळा होईल. म्हणून संदर्भग्रंथ कोणत्या प्रदेशाचा व कोणत्या काळाचा आहे, हे आधी पाहावे.

लक्षणे कोणती पाहावीत?

अमेरिकन लष्करी अळीच्या नर पतंगाच्या पुढील पंखाच्या टोकाशी पांढुरका डाग असतो. मादी मात्र करड्या-तपकिरी रंगाची असून तिच्यावर ठळक खूण नसते. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाच्या पुढील पंखांवर फिकट रेषांचे जाळे दिसते. या दोन्ही जातींचे मागील पंख पांढरे असल्याने केवळ त्यावरून निर्णय होत नाही. मोठ्या झालेल्या अळीची ओळख अधिक सोपी आहे. तिच्या डोक्यावर उलट्या 'वाय' अक्षरासारखी खूण आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात चार काळे ठिपके असतात.

छायाचित्र कसे घ्यावे?

पतंगाचे छायाचित्र वरून, सरळ व शक्यतो दिवसाच्या उजेडात घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी. मागील पंख दिसतील असे आणखी एक छायाचित्र घ्यावे. दिनांक, गाव, पीक आणि पतंग सापळ्यात सापडला की दिव्यावर, याची नोंद करावी. पंखांवरील खवले झडलेल्या पतंगावरून निष्कर्ष काढू नये. कामगंध सापळ्यात इतर जातींचे पतंगही सापडतात, हे ध्यानात ठेवावे.

शंका राहिल्यास अळ्या पाळून पाहाव्यात. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येक अळी स्वतंत्र बरणीत, तळाशी ओलसर माती घालून ठेवावी व रोज ताजे पान द्यावे. बाहेर पडणारा पतंग कोणत्या अळीचा, हे मग निःसंशय कळते. हा प्रयोग शाळेतही करता येईल. मात्र पतंग बाहेर सोडू नयेत.

एवढे करूनही काही जाती छायाचित्रावरून वेगळ्या करता येत नाहीत. त्यांच्यासाठी जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी अथवा आनुवंशिक चाचणी आवश्यक असते. अशा वेळी नाव अंदाजाने न लिहिता 'जात अनिश्चित' अशी नोंद करावी आणि नमुना राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर चुकीचे नाव लागले, तर साऱ्या गावाची फवारणी चुकते. उलट, वेळीच झालेली अचूक नोंद शेजारच्या गावांनाही सावध करते.