बायोडेटा आणि सातबारा

स्थळ चांगले वाटले तरी जुनी माणसे गुपचूप मुलाकडचा सातबारा काढून बघत. बायोडेटात काय लिहायचे ते घरच्यांच्या हातात. सातबाऱ्यावरच्या बोज्याचे तसे नसते. कंपन्यांचेही असेच आहे, आणि त्यांचे सातबारे तयार करणे हे चांगले करिअर आहे. ‘सीए नाही जमले तर पुढे काय?’ या धास्तीत असलेल्या घरांत मात्र त्याचे नाव क्वचितच निघते.

पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसचेच बघा. तिचा भारतातला वार्षिक अहवाल छायाचित्रांनी आणि रंगीत आलेखांनी सजलेला असतो. पण तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारातही आहेत. त्यामुळे अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे दरवर्षी ‘फॉर्म २०-एफ’ दाखल करावा लागतो, तोही आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत. त्यातल्या बाबींचा क्रम आयोगाने ठरवलेला. कंपनीला कशाकशाची भीती आहे, हे त्यात पानेच्या पाने लिहिलेले असते: व्हिसाचे नियम, रुपया-डॉलरची चढउतार, अमेरिकी ग्राहकांवरचे अवलंबित्व. आपल्याच कंपनीबद्दल इतके वाईट चिंतायला कायदाच लागतो!

वार्षिक अहवाल म्हणजे निव्वळ सजावट, असेही नाही. संचालक मंडळाचा अहवाल, लेखापरीक्षकांचा अहवाल आणि ताळेबंद हे त्यातले भाग २०१३ च्या कंपनी कायद्याने सक्तीचे आहेत. म्हणून जाणकार तो मागच्या पानांपासून वाचतात. हेच हिशेब वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत ‘एओसी-४’ फॉर्मसोबत कंपनी निबंधकांकडे जातात, तर ‘एमजीटी-७’ हे वार्षिक विवरणपत्र ६० दिवसांत. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा.

दाखल केले म्हणजे खरेच असते का? नाही. ‘सत्यम’ या कंपनीचे फुगवलेले आकडे जानेवारी २००९ पर्यंत बिनबोभाट दाखल होत होते. पण कागदावर सही असते आणि सही करणाऱ्याला जाब विचारता येतो. तिचे संस्थापक रामलिंग राजू यांना २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली.

हे फॉर्म, मुदती आणि सह्या सांभाळतो तो कंपनी सेक्रेटरी, म्हणजे सीएस. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला तो पूर्णवेळ नेमावाच लागतो. १० कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या खासगी कंपनीलाही. बारावीनंतर सीएसईईटी ही प्रवेश परीक्षा, मग एक्झिक्युटिव्ह आणि प्रोफेशनल हे टप्पे, शिवाय प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. गणिताची धास्ती असलेल्या, पण कायद्याची भाषा बारकाईने वाचणाऱ्या मुलांना हा रस्ता जास्त मानवतो.

क्लासची फी भरण्याआधी एक करा. बीएसईच्या संकेतस्थळावरून कुठल्याही ओळखीच्या कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि लेखापरीक्षकांच्या अहवालाचे पान उघडून मुलीसमोर ठेवा. तासाभराने तिने स्वतःहून पुढचे पान उलटले, तर सीएसईईटीचा अर्ज भरायला हरकत नाही.