जुना कॉम्प्युटर भंगारात देताना : थोडे पैसे, थोडं विज्ञान आणि बरीच काळजी



दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचा बंद कॉम्प्युटर खाली येतो. भंगारवाला तो हातात उचलून बघतो आणि एकच आकडा सांगतो. 'जागा तरी मोकळी झाली' म्हणून आपण देऊन टाकतो. दुसरीकडे मुलं मोबाईलवर कॉम्प्युटरमधून सोनं काढण्याचे व्हिडिओ बघतात आणि 'आपणही करूया का?' असं विचारतात. दोन्ही गोष्टींवर मुलांशी नीट बोलायला हवं.

डबा एक, भंगार अनेक

कॉम्प्युटर म्हणजे एक वस्तू नाही. कॅबिनेट बहुतेक पत्र्याचं असतं, प्रोसेसरवरचा हीट सिंक ॲल्युमिनियमचा, केबलींच्या आत तांबं. मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर यांच्या जोडांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. हे सगळं एकत्र वजनावर दिलं तर लोखंडाच्या आसपासचाच भाव मिळतो. स्क्रू काढून वेगळं केलं तर प्रत्येकाचा भाव वेगळा विचारता येतो. त्याआधी एक करा : चालू स्थितीतली रॅम, मॉनिटर किंवा हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याला दाखवा. चालणाऱ्या भागाला भंगारापेक्षा जास्तच किंमत येते.

दोन वस्तू मात्र उघडायच्या नाहीत : पॉवर सप्लायचा डबा आणि जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर. प्लग काढल्यावरही त्यांत विद्युतभार साठून राहू शकतो. ट्यूबच्या काचेत शिसंही असतं. लॅपटॉपची बॅटरी वाकवू नका, टोचू नका. ती पेट घेऊ शकते.

आधी माहिती पुसा

फाइल 'डिलीट' केली म्हणजे ती गेली असं नाही. साधारणपणे फक्त तिची नोंद पुसली जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. घरातले फोटो, आधारच्या प्रती, बँकेची कागदपत्रं त्यात असतात. म्हणून हार्ड डिस्कचं 'क्विक' नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. डिस्क बंद पडलेली असेल तर ती काढून घरीच ठेवा. शंभर-दोनशे रुपयांसाठी ही जोखीम परवडत नाही.

सोन्याचा मोह

टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानमध्ये सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणं आणि सुमारे ६२ लाख मोबाईल जमा झाले. त्यातून सोनं मिळालं ३२ किलो. फोन बाजूला ठेवून गणित करा : एका टनामागे अर्धा ग्रॅमही नाही! तेही मोठ्या कारखान्यांत. घरच्या चार बोर्डांतून काय निघणार?

त्यासाठी वापरतात ती तीव्र आम्लं. त्यांच्या वाफेने फुप्फुसं भाजतात, उरलेलं पाणी गटारात जातं. तांब्यासाठी केबल जाळली की प्लास्टिकमधून विषारी धूर निघतो. दिल्लीच्या सीलमपूर भागात हेच काम माणसं उघड्या हातांनी करत आली आहेत. म्हणून मुलांना एक साधा नियम द्या : जिथे स्क्रू ड्रायव्हरचं काम संपतं, तिथे आपलंही संपतं.

द्यायचं कुणाला?

पत्रा आणि ॲल्युमिनियम नेहमीच्या भंगारवाल्याला द्यायला हरकत नाही, त्याचंही पोट त्यावर आहे. बोर्ड, बॅटऱ्या आणि ट्यूब मात्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा रोखही तोच आहे. अशा केंद्रांची नावं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात. एका घराचा माल थोडा असतो, म्हणून सोसायटीतल्या पाच-दहा घरांनी मिळून गोळा करावा. पैसे कदाचित थोडे कमी मिळतील, पण ते बोर्ड कुणाच्या अंगणात जळणार नाहीत.

शाळेचे जुने कॉम्प्युटर असे परस्पर विकायचे नसतात. जडसंग्रह नोंदवहीत नोंद, रीतसर निर्लेखन आणि मगच विक्री.

वर्गासाठी उपक्रम (इयत्ता ७ वी ते ९ वी)

१. मोठ्यांच्या देखरेखीखाली उघडलेल्या कॅबिनेटमधले भाग ओळखा. चुंबक लावून लोखंड वेगळं करा.
२. प्रत्येक ढिगाचं वजन करा, टक्केवारी काढा.
३. जवळच्या दुकानात भाव विचारून तक्ता बनवा : एकत्र विकलं तर किती, वेगळं केलं तर किती?
४. चर्चा : 'जास्त पैसे मिळतात म्हणून केबल जाळावी का?'

चौथ्या प्रश्नाला घाई करू नका. मुलांना आपसांत वाद घालू द्या. तिसऱ्या तक्त्यात न आलेला खर्च कोण भरतो, हे त्यांचं त्यांनाच सापडू द्या.