जुन्या सायकलीचा पाठ

दांड्यांच्या ब्रेकची जुनी सायकल मिळाल्यास कार्यानुभवास तीच घ्यावी. गंजलेल्या नटांवर तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे. डाव्या पॅडलाचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविले तरच सुटते. येथे मुले हटकून बळ लावतात. स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब असल्यास त्यावर बहुधा निर्मितीचे साल उमटविलेले असते. ते मुलांकडूनच शोधवावे.

मूळ रंग मात्र खरवडू नये. मी एकदा चौकटीवरील सोनेरी रेघा घालवून नवा रंग दिला. जाणत्या गिऱ्हाइकाने त्यापायीच किंमत उतरविली.

विक्रीच्या हिशेबात सुट्या भागांबरोबर श्रमाचे तासही मांडावेत. चौकटीस चीर असल्यास ती रंगाखाली न लपविता ग्राहकास दाखवावी आणि पावतीवर मुलांच्याच हस्ताक्षरात नोंदवावी.