ऋणांची यादी

(एखादे काम दीर्घकाळ केल्यावर ते सोडून जाण्याची वेळ येते, तेव्हा सहकाऱ्यांचे व वरिष्ठांचे आभार मानण्याची रीत आहे. पुष्कळदा हे आभार केवळ उपचार म्हणून मानले जातात. ते मनापासून मानले म्हणजे त्यांचे स्वरूप कसे असते, हे प्रस्तुत पाठात एका प्रसिद्ध निरोपप्रसंगाच्या आधारे दाखविले आहे.)

१६ नोव्हेंबर २०१३ हा शनिवारचा दिवस होता. मुंबईचे वानखेडे मैदान प्रेक्षकांनी फुलून गेले होते. वेस्ट इंडीजच्या संघाशी चाललेला कसोटी सामना तिसऱ्याच दिवशी, उपाहाराची वेळ होण्यापूर्वीच संपला. भारताने तो एक डाव आणि १२६ धावांनी जिंकला. एरवी अशा विजयानंतर मैदानात जल्लोष व्हावयाचा. परंतु त्या दिवशी धावफलकाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. सर्वांची दृष्टी एका खेळाडूवर खिळली होती. सचिन तेंडुलकर यांचा तो दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना होता.

१५ नोव्हेंबर १९८९ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, कराचीच्या मैदानावर ते भारताच्या वतीने पहिला कसोटी सामना खेळावयास उतरले. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत कसोटी सामन्यांत त्यांनी १५,९२१ धावा काढल्या. कसोटी व एकदिवसीय सामने मिळून त्यांच्या शतकांची संख्या शंभर झाली. अशा माणसाने निरोपाच्या वेळी आपल्या पराक्रमाविषयी चार शब्द उच्चारले असते, तरी ते कोणाला खटकले नसते. पण ध्वनिक्षेपक हाती आला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातात एक कागद धरला होता. त्यावर धावांचे आकडे नव्हते. माणसांची नावे होती. आयुष्यात प्रथमच आपण अशी यादी बरोबर आणली आहे, एखादे नाव विसरून जाऊ नये एवढ्याचसाठी ती आणली आहे, असे त्यांनी प्रारंभीच सांगितले. कंठ दाटून येत होता, बोलणे कठीण होत होते. तरी यादीतील एकही नाव गाळावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय दिसत होता.

यादीत पहिले नाव वडिलांचे होते. कवी व मराठीचे प्राध्यापक असलेले रमेश तेंडुलकर १९९९ साली निवर्तले होते. स्वप्नांचा पाठपुरावा कर, पण आडवाटेने यश मिळवू नकोस, ही त्यांची शिकवण मुलाने त्या दिवशी सर्वांसमोर आठवली. त्यानंतर आईचे नाव आले. मुलाचा खेळ प्रत्यक्ष मैदानात बसून पाहण्याची त्या माउलीची ती पहिलीच वेळ होती. मग शाळा घरापासून दूर पडत असल्याने ज्यांनी चार वर्षे आपल्या घरी ठेवून घेतले, ते काका-काकू आले. दिवसभर खेळून दमलेला मुलगा जेवताना पेंगू लागे. काकू त्याला घास भरवीत, कारण दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा मैदानावर जावयाचे असे. ज्या बहिणीने पहिली बॅट भेट दिली, तिचीही आठवण त्यांनी काढली. थोरले बंधू अजित यांच्याविषयी बोलताना तर त्यांनी आदल्याच रात्रीची गोष्ट सांगितली. या सामन्यात ७४ धावा काढून ते बाद झाले होते. पुन्हा फलंदाजी करण्याचा प्रसंग येईल, अशी आशा जवळजवळ नव्हती. तरीही दोघे भाऊ रात्री त्या बाद होण्याविषयी चर्चा करीत होते!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या भाषणात कोणाचेही आभार मोघम शब्दांत मानलेले नाहीत. प्रत्येक नावाबरोबर त्या व्यक्तीने केलेली एखादी कृती जोडलेली आहे. काकूच्या नावाबरोबर घास आहे, बहिणीच्या नावाबरोबर बॅट आहे, भावाच्या नावाबरोबर रात्रीची चर्चा आहे. नाव घेतल्याने मनुष्याचा मान राखला जातो. परंतु त्याची कृती सांगितल्याने त्याचे श्रम वाया गेले नाहीत, याची साक्ष त्याला मिळते.

घरच्या मंडळींनंतर गुरूंची पाळी आली. अकरा वर्षांच्या सचिनला अजितने दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्याकडे नेले होते. आचरेकर सर या शिष्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून मुंबईतील एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, आणि एकाच दिवशी त्याला दोन दोन सामने खेळावयास लावीत. खेळाचा सराव व्हावा एवढाच त्यांचा हेतू असे. एरवी दूरचित्रवाणीवर सामने पाहणारे वृद्ध आचरेकर सर त्या दिवशी मैदानात येऊन बसले होते. त्यांच्याविषयी बोलताना तेंडुलकर किंचित हसले. गेल्या एकोणतीस वर्षांत सर आपल्याला एकदाही चांगले खेळलास असे म्हणाले नाहीत, असे त्यांनी सांगितले. शिष्य संतुष्ट झाला तर त्याचे परिश्रम थांबतील, अशी गुरूला भीती वाटत असे. आता यापुढे आयुष्यात एकही सामना उरलेला नाही. तेव्हा सरांनी आता शाबासकी द्यावयास हरकत नाही, असे ते विनोदाने म्हणाले.

या विनोदामागे फार मोठी समज आहे. ज्याने कौतुक केले त्याचे आभार मानणे सोपे असते. ज्याने कौतुक राखून ठेवले, चुका दाखविल्या, आराम करू दिला नाही, त्याचे उपकार ओळखावयास काळ जावा लागतो. कार्यालयात, कारखान्यात किंवा शाळेत एखादा वरिष्ठ कडक असतो. हाताखालील माणसाला त्याचा त्या वेळी राग येतो. पुढे कित्येक वर्षांनी, तेच काम स्वतःच्या हातून निर्दोष होऊ लागले म्हणजे, त्या कडकपणाची किंमत कळते. मात्र शिस्त आणि अपमान यांत फरक आहे, हे विसरून चालणार नाही. निष्कारण अपमान करणाऱ्याचे खोटे आभार मानावेत, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या कठोरपणात हित होते, त्याला त्याचे श्रेय द्यावे, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

यादी पुढे सरकली. सोळा वर्षांच्या मुलावर विश्वास टाकणारी निवड समिती आणि दुखापतींच्या काळात उपचारांची व्यवस्था करणारे क्रिकेट मंडळ यांचा त्यांनी उल्लेख केला. ज्यांच्याबरोबर खेळले ते ज्येष्ठ खेळाडू, मार्गदर्शक, आणि समोर उभे असलेले तरुण सहकारी यांना त्यांनी घराबाहेरचे आपले कुटुंब म्हटले. सामन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी कर्णधार महेंद्रसिंग धोनी यांनी दोनशेव्या सामन्याची टोपी त्यांना अर्पण केली होती. त्या वेळी सहकाऱ्यांना जे सांगितले, त्याची त्यांनी पुन्हा आठवण दिली. या खेळाची सेवा करण्याची संधी प्रत्येक पिढीला काही काळापुरतीच मिळते, असा त्याचा आशय होता. आभाराबरोबर पुढच्यांच्या हाती जबाबदारी सोपविण्याचे कामही या शब्दांनी केले.

त्यानंतर त्यांनी अशा माणसांची आठवण काढली, की ज्यांची नावे धावफलकावर कधीच लागत नाहीत. डॉक्टर, फिजिओ आणि व्यायाम-प्रशिक्षक यांचे आभार मानले नाहीत तर आपण कर्तव्यात चुकू, असे ते म्हणाले. त्यांच्या शरीराने वारंवार दुखापती सोसल्या होत्या. कोपराच्या दुखण्यावर २००५ साली शस्त्रक्रिया करावी लागली होती. अवेळी दूरध्वनी जावा, आणि दूरच्या शहरातील डॉक्टरांनी आपले काम व घर सोडून पुढच्याच विमानाने निघावे, असे अनेकदा घडले होते. आपले पहिले व्यवस्थापक मार्क मॅस्करेन्हस अपघातात मृत्यू पावले होते. त्यांनाही ते विसरले नाहीत. जाहिरातीसाठी त्यांनी आपल्यावर कधी दडपण आणले नाही, खेळावयास मोकळीक दिली, असे त्यांनी कृतज्ञतेने सांगितले. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी, छायाचित्रकार आणि शेवटी प्रेक्षक, असा क्रम संपेपर्यंत मैदानावरील कोणी जागचे हलले नाही. अनेकांचे डोळे पाणावले होते.

एका माणसाच्या फलंदाजीमागे एवढी माणसे उभी असतात, हे त्या यादीने सर्वांना दाखविले. परंतु ही गोष्ट केवळ थोर खेळाडूंपुरती खरी नाही. एस. टी.चा एखादा चालक तीस वर्षे अपघाताविना गाडी चालवून निवृत्त होतो. त्याच्या यशात आगारात ब्रेक तपासणाऱ्या यांत्रिकाचा वाटा असतो; गाडी मागे घेताना खाली उतरून वाट दाखविणाऱ्या वाहकाचा असतो; पहाटे गाडी धुऊन ठेवणाऱ्या कामगाराचाही असतो. कचेरीत नव्याने आलेल्या कारकुनाला टिपणी कशी लिहावी हे शेजारच्या मेजावरील माणसाने शिकविलेले असते. त्याची पहिली चूक वरिष्ठांनी चारचौघांत न बोलता, आत बोलावून समजावून दिलेली असते. घरात आजारपण आले तेव्हा कोणीतरी आपली पाळी बदलून दिलेली असते. हवे ते जुने कागद शिपायाने धूळ झटकून शोधून आणलेले असतात. निरोपसमारंभात शाल व श्रीफळ एकाच माणसाला मिळते. पण त्या शालीचा एकेक धागा अशा अनेकांनी कातलेला असतो. हे ज्याला उमगले, त्याच्या उत्तराच्या भाषणात 'मी' हा शब्द आपोआपच कमी येतो.

कामाच्या दिवसांतही आभार मानावेतच. तथापि निरोपाच्या वेळच्या आभारांना एक वेगळे मोल आहे. नोकरीत असताना वरिष्ठांची स्तुती केली, तर तीत बढतीची आशा मिसळली असेल अशी शंका येऊ शकते. सहकाऱ्याला बरे म्हटले, तर उद्या त्याच्याकडे काही मागावयाचे असेल असे वाटू शकते. काम सोडून जाणाऱ्याला मात्र कोणाकडून काही मिळवावयाचे नसते. म्हणून त्या दिवशी उच्चारलेला शब्द निर्मळ असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो दीर्घकाळ राहतो. याच कारणाने त्या दिवशी एखादे नाव गळाले, तर ती उणीव भरून काढण्याची संधी पुन्हा सहजासहजी येत नाही. कागदावर यादी करून आणणे म्हणजे स्मरणशक्तीचा दुबळेपणा नव्हे. भावना उचंबळून आल्या असता कोणावर अन्याय होऊ नये, यासाठी घेतलेली ती काळजी होय.

भाषण संपले. सहकाऱ्यांनी तेंडुलकरांना खांद्यावर घेऊन मैदानाची फेरी घातली. सारे आटोपले असे वाटत असतानाच ते एकटे पुन्हा मैदानाच्या मध्यभागी चालत गेले. बावीस यार्डांच्या त्या खेळपट्टीपाशी ते वाकले, तिला हात लावला आणि तो हात कपाळाला लावून त्यांनी नमस्कार केला. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या, खंडेनवमीला आपल्या हत्यारांवर फुले वाहणाऱ्या मुलुखात या नमस्काराचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. ज्या भूमीवर उभे राहून चोवीस वर्षे काम केले, तिचे नाव कागदावर असो वा नसो. यादीतील शेवटचे ऋण तिचे होते.

आचरेकर सर २ जानेवारी २०१९ रोजी निवर्तले. शिष्याने आपल्या कामाच्या अखेरच्या दिवशी, भरल्या मैदानात काढलेले कृतज्ञतेचे उद्गार त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. आभार वेळेवर मानले म्हणजे ते ऐकावयास माणसे असतात.

शब्दार्थ
उपचार – (१) केवळ रीत म्हणून केलेली गोष्ट. (२) रोगावरील इलाज.
निवर्तणे – मृत्यू पावणे.
मोघम – स्पष्ट नसलेले.
अभिप्रेत – मनात असलेले, उद्दिष्ट.
आगार – एस. टी.च्या गाड्या ठेवण्याची व दुरुस्त करण्याची जागा.
टिपणी – कार्यालयीन विषयावर थोडक्यात लिहिलेला मजकूर.
खंडेनवमी – आश्विन शुद्ध नवमी. शस्त्रे व हत्यारे यांच्या पूजेचा दिवस.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तेंडुलकरांनी भाषणाच्या वेळी यादी बरोबर का आणली होती?
(आ) आचरेकर सर शिष्याची स्तुती का करीत नसत?
(इ) यादीतील शेवटचे ऋण कोणाचे होते?
२. 'नावाबरोबर कृती सांगितली म्हणजे आभार खरे वाटतात', हे पाठातील तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
३. निरोपाच्या वेळच्या आभारांचे मोल वेगळे का असते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. 'उपचार' हा शब्द पाठात कोणकोणत्या अर्थांनी आला आहे? प्रत्येक अर्थी एक वाक्य तयार करा.
५. वाक्यांत उपयोग करा : कंठ दाटून येणे, दृष्टी खिळणे, श्रेय देणे, डोळे पाणावणे.
६. तुमच्या शाळेतील शिपाई या वर्षी निवृत्त होत आहेत अशी कल्पना करा. त्यांनी तुमच्यासाठी केलेल्या किमान तीन गोष्टींचा उल्लेख करून, विद्यार्थ्यांच्या वतीने त्यांचे आभार मानणारे दहा ओळींचे भाषण लिहा.