मेळाव्याआधी माहेरी विचार

पोरी, तुमच्या बोर्डीच्या कॉलेजच्या बॅचचा मेळावा तुझ्या गळ्यात पडला म्हणे. मावशीने आमच्या बॅचचे तीन केलेत, त्यातला पहिला पार फसला. म्हणून चार गोष्टी कानात सांगते. हॉल, बॅनर, जेवण कोणीही बघेल. माणसं शोधणं आणि त्यांच्या बातम्या सांभाळणं, हे काम तुझं.

तारीख पंचांगात बघून काढ. कुठलाही रविवार चालेल, असं मुंबईला गेलेले म्हणतील. आपल्याकडे तसं भागत नाही. डोल जाळ्यांच्या होड्या उधाणाला समुद्रात आणि भांगाला किनाऱ्यावर, म्हणजे मच्छीमार मोकळा सापडतो तो अष्टमीच्या आसपास. तलासरीकडचे कितीतरी जण दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर दुसऱ्या कामाला बाहेर पडतात, ते होळीला घरी येतात. जुलैत लावणी असते, तेव्हा शेतावरच्याला हाक मारूच नये. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू झाली की पुढचा पंधरवडा चारोटीच्या बाजूला गर्दीच गर्दी. एवढं सगळं वगळलंस की होळीनंतरच्या अष्टमीजवळचा रविवार हाती लागतो. त्याच्या फार पुढे जाऊ नकोस, भट्टीवाले पुन्हा निघून जातात.

वेळ गाडीवर बेत. एप्रिल २०१३ पासून विरारच्या पलीकडे लोकल डहाणू रोडपर्यंत येते खरी, पण एक चुकली की दुसरीची वाट बघत बसावं लागतं, आणि रविवारी ब्लॉक असला तर विचारूच नकोस. स्टेशनातून पुढे बोर्डीला एसटी नाहीतर रिक्षा, तो वेळ वेगळा धर. तलासरीला परत जाणाऱ्यांची शेवटची बस कितीची, ते आधी विचार. नाच-गाणी शेवटाला ठेवलीस तर नेमका तारपा घेऊन आलेलाच बससाठी उठतो. आमच्याकडे झालंय तसं.

हजेरीपटावर माहेरचं नाव असतं. मुलं फोनवर सापडतात, मुली सापडत नाहीत. लग्नानंतर आडनाव गेलं, कोणाचं नावही बदललं. सासरचा पत्ता हुडकत बसू नकोस, सरळ माहेरी जा. भावजय दोन मिनिटांत सांगते. जुन्या कागदांवर ‘जि. ठाणे’ दिसेल, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्या पत्त्यांवर पत्रं टाकण्यापेक्षा पाड्यावर जा, किराणा दुकानात नाहीतर आशाताईला विचार. वर्गाचा जुना फोटो पिशवीत असू दे. नावाने न ओळखलेलं माणूस चेहऱ्याने ओळखतात.

वाईट बातमी आधीच पोचव, आणि एकेकट्याला. आमचा पहिला मेळावा इथेच फसला. गंमत म्हणून मीच माइकवर जुनी हजेरी घेत होते. एका नावाला कोणी ‘हजर’ म्हणेना. मागून कोणीतरी म्हणालं, तो गेला, दोन वर्षं झाली. चार वर्षं त्याच्या शेजारी बसलेला मित्र समोर खुर्चीत होता, त्याला पत्ताच नव्हता. तो उठून बाहेर गेला, तो जेवायलाही आला नाही. तेव्हापासून मी आठवडाभर आधी फोन करते. जवळच्या मित्राला पहिल्यांदा, बाकीच्यांना नंतर.

चांगली बातमी ज्याची त्यालाच सांगू दे. कोणाचा मुलगा डॉक्टर झाला, कोणी फ्लॅट घेतला, हे तू माइकवर वाचू नकोस. ज्याच्याकडे सांगायला काही नसतं, तो पुढच्या वेळी येत नाही. दारात ‘हल्ली काय करतोस?’ असं विचारू नकोस. ‘कुठल्या गाडीने आलास, जेवलास का?’ एवढं पुरे. बाकीचं तो आपणहून सांगेल, आणि त्याच्या बोलीत सांगेल. वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती, सगळं चालू दे. माइकवर मराठी, पंगतीत ज्याची त्याची.

वर्गणीची यादी कधीच वाचायची नाही. एक डबा ठेव, बंद झाकणाचा. कोणी वाडीतले चिकू आणेल, कोणी सुके बोंबील, कोणी घरचे तांदूळ. ते सगळं स्वयंपाकात घे आणि कोणाचं किती ते विसर. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं म्हणून चिकूवाल्याला पाटावर आणि तांदूळवाल्याला खाली, असं होता कामा नये.

आणि शेवटचं. हॉल झाडून झाला तरी फोन नंबरांचा कागद टाकू नकोस. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरीकडे जमीन हलायला लागली. लोक थंडीत घराबाहेर झोपत होते. आमच्या दुसऱ्या मेळाव्याचा कागद तेव्हा माझ्या ट्रंकेत होता. धक्का बसला की मी वरून खाली एकेक नंबर लावायची. पहिल्या मेळाव्यातून न जेवता गेलेला तो मित्र त्यात अकरावा होता. त्याने पहिल्याच रिंगला उचलला आणि म्हणाला, ‘हजर आहे गं.’