खणू दे त्याला

अगं, टँकमधला तुझा डायमंड गोबी मासा खोडसाळपणाने वाळू उपसत नाहीये. आधी एवढं मनात घट्ट धर, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. "ताई, याला थांबवू कसं?" असं विचारलंस. थांबवायचा उपाय माझ्याकडे नाही, आणि कुणी विकत देऊ लागला तर घेऊ नकोस. तोंडभर वाळू उचलायची, कल्ल्यांतून गाळायची, तिच्यातले बारीक किडे आणि कोपेपॉड पोटात घालायचे, स्वच्छ झालेली वाळू बाहेर सोडायची, हे त्याचं जेवण. आणि त्याच तोंडाने दगडाखाली बीळ कोरायचं, हे त्याचं घर. या दोन गोष्टी सोडून त्या जिवाने दिवसभर करायचं तरी काय?

आपल्या खाडीत ओहोटीला चिखलावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या आठवतात ना? त्या याच्याच गोतावळ्यातल्या. त्याही तोंडात चिखल भरभरून बाहेर टाकतात आणि बीळ करतात. तुझा मासा तांबड्या समुद्रापासून थेट प्रशांत महासागरापर्यंतच्या प्रवाळांच्या आसपासच्या वाळूतला. तिथे तो बहुधा जोडीने राहतो, बिळाच्या आसपासची वाळू चाळत फिरतो, आणि एका जागचं खाणं आटलं की पुढे सरकतो. लाटा आणि भरती-ओहोटी त्याला नवं खाणं आणून देतात.

आता तुझ्या टँकचा हिशोब कर. ७५ गॅलनचा टँक म्हणजे ४ फूट लांब, दीड फूट रुंद. सगळे दगड बाजूला काढले तरी वाळू भरली जेमतेम ६ चौरस फूट. तेवढ्या वाळूतले किडे हा मासा काही आठवड्यांत संपवतो. मग वाळू पांढरीशुभ्र दिसते, घरी आलेले लोक कौतुक करतात, आणि मासा आत उपाशी असतो. सबंध दिवस तोंड चालू, म्हणून भरपूर खातोय असं वाटतं, पण तो नुसतीच वाळू चाळत असतो. या जातीचे मासे घरच्या टँकमध्ये दगावतात ते बहुतेक याच कारणाने. म्हणून तुला कळकळीने सांगते, वाळूचे ढिगारे राहू देत, तू रोज त्याचं पोट बघ. बाजूने पाहिलंस की डोक्यामागून पोटाची रेघ थोडी गोलसर, भरलेली दिसायला हवी. तिथे खळगा दिसला, पाठ धारदार दिसायला लागली, तर त्या दिवसापासून बाकी सगळी कामं मागे ठेव.

खाऊ घालायचं कसं, तेही नीट सांगते. नुसतं वरून टाकलेलं खाणं तुझे क्लाऊनफिश मधल्या मध्ये फस्त करतात, त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. फ्रोझन मायसिस टँकमधल्याच थोड्या पाण्यात विरघळव. पंप दहा मिनिटं बंद ठेव. लांब पिपेट घेऊन बिळाच्या तोंडाशी, वाळूला लागून, हळूहळू सोड. दिवसातून दोन वेळा तरी, सुरुवातीला तीन वेळा. तळाला बसणारे बारीक पेलेटही वाळूत मिसळून बघ. काही मासे ते चटकन शिकतात, काही कधीच शिकत नाहीत. पंप पुन्हा सुरू करायला मात्र विसरू नकोस, फोनवर गजर लाव. एवढं खाणं घातलंस की नायट्रेट चढणार हे धरून चाल आणि पाणी बदलायचा दिवस टाळू नकोस. दुसरा गोबी घ्यायच्या वेळी दुकानदाराला आधी सांगायचं, "माझ्यासमोर खाऊ घालून दाखवा." जो मासा दुकानात खात नाही तो घरी येऊन खाईल, या आशेवर पैसे टाकू नयेत.

पोटानंतर दगड. मला खरी धास्ती वाटते ती याची. तुझे दगड वाळूवर ठेवलेत की खालच्या काचेवर? वाळूवर असतील तर तो एक दिवस खालून पोकळ करणार, वरचा दगड घसरणार. त्याच्याखाली मासा चिरडला जाऊ शकतो, आणि दगड काचेवर आदळला तर टँक फुटू शकतो. नवा टँक लावताना आधी दगड काचेवर टेकवायचे, मग वाळू भरायची. कुठलाही खणणारा मासा ठेवायचा तर दुसरी पद्धत नाही. तुझं सगळं आधीच भरलेलं आहे, तर एकेक दगड हलवून बघ. डुगडुगणारा दगड उचल, खालची वाळू सायफनने ओढून घे आणि दगड गोलगोल फिरवत काचेवर बसव. वरचे दगड एकमेकांना इपॉक्सीने जोड. एका दिवसात सगळं उरकायची घाई नको. जुन्या वाळूत खोलवर काळे पट्टे दिसले, कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो आणि तो माशांना विषारी. असा पट्टा ढवळू नकोस. थोडा थोडा करून सायफननेच बाहेर काढ, आणि त्याच वेळी पाणीही बदल.

रोज सकाळी तू वाळू सपाट करतेस, ते आजपासून बंद. तू बुजवतेस आणि तो परत उपसतो. त्यात त्याची ताकद जाते, धास्ती वाढते, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. त्याऐवजी त्याला तयार घर दे. दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा दगडाखाली, अर्धा वाळूत पुरून ठेव, तोंड तुला हव्या त्या दिशेला. किंवा एक सपाट दगड दोन छोट्या दगडांवर आडवा टेकव. खूपदा हे मासे अशी आयती जागा पसंत करतात आणि मग उपसा एका कोपऱ्यात आवरतो. पसंत नाही पडली तर नाही. मासा आहे, त्याचंही मत असतं.

आता तुझी प्रवाळं. इथे ठाण्यात मी प्रवाळ पाळत नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळं आहेत, त्यामुळे माझ्याकडे फक्त मासे आणि कृत्रिम खडक, आणि ते मला मान्य आहे. तुझ्या न्यू जर्सीत टँकमध्ये वाढवलेले तुकडे मिळतात, तेव्हा ती काळजी तुलाच घ्यायची. प्रवाळ अंगावर पडलेली थोडी वाळू चिकट द्राव सोडून झटकतं, पण रोजच्या रोज थर बसला तर खालची पेशी मरते. तळाशी ठेवलेले सगळे तुकडे उचलून दगडांवर घे. ट्रॅकीफिलियासारखं वाळूवरच राहणारं प्रवाळ या गोबीबरोबर ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेल्यांवर संध्याकाळी पिपेटने पाण्याचा हलका फवारा मार. पॉवरहेडचं तोंड बिळाकडे असेल तर फिरव. पाणी सारखं गढूळ दिसतं, त्यात वाळूच्या जातीचाही दोष असतो: पिठासारखी बारीक वाळू उडत राहते, आणि जाड भरड टोकदार कण त्याच्या तोंडाला टोचतात. १ ते २ मिलिमीटरचा गोलसर कण सर्वांत बरा.

आणि हो, झाकण. बारीक जाळीचं, कुठेही फट नसलेलं. गोबी घाबरला की उडी मारतो, रात्री दिवे गेल्यावर जास्तच.

वाळूत जाणारा प्रत्येक मासा सारखा नसतो, हेही लक्षात ठेव. तुझी मैत्रीण हॅलिकोरिस रॅस घेणार म्हणतेय ना? तो रात्री वाळूत झोपतो, दगड पोखरत नाही. त्याला २ इंच मऊ वाळू पुरते. नवा आणला की कधीकधी काही दिवस दिसतच नाही. मेला समजून काठीने उकरू नका. पिवळ्या डोक्याचा जॉफिश कॅरिबियनचा, तो उभी विहीर खणतो आणि कडेला शंख-खड्यांची भिंत रचतो. त्याला ५-६ इंच खोल, लहानमोठी मिसळलेली वाळू लागते. एकदा घर जमलं की तो फारसा भटकत नाही, फक्त डोकं बाहेर काढून बसतो. काळ्या अंगावर पांढरी रेघ असलेली इंजिनिअर गोबीची पिल्लं मात्र बघून भुलू नको. ती खरी गोबी नव्हेतच. फूटभर वाढतात, पट्टेरी होतात, आणि सगळ्या दगडांखालून बोगदे काढतात.

खणणारा जीव बघायची एवढी हौस असेल तर पुढच्या वेळी पिस्तूल कोळंबी आणि तिच्या जोडीचा वॉचमन गोबी आण. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणते, मासा दारात पहारा देतो, आणि ती बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी माशाच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की मासा शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. उपसा तिथेही होतो, पण बहुतेक बिळापुरता.

हे सगळं करूनही महिनाभरात त्याचं पोट भरलेलं दिसलं नाही, तर मन मोठं कर आणि त्याला दे. मोठा, जुना, भरपूर वाळूचा टँक असलेलं कुणी शोध, किंवा दुकानात परत ने. बरेच दुकानदार घेतात. फक्त समुद्रात सोडू नकोस, कितीही दया आली तरी. फ्लोरिडाच्या पाण्यात लायनफिश १९८५ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. तोही हिंदी-प्रशांत महासागरातला, टँकमधून सुटलेला किंवा सोडलेला असावा असंच मानतात. आज तो पार कॅरिबियनभर पसरलाय आणि तिथले लहान मासे खाऊन संपवतोय. देणार असशील तर सोबत त्याचं खाणं काय, किती वेळा, पिपेटने कसं द्यायचं, हे कागदावर लिहून दे. नव्या घरी पहिल्या दिवसापासून त्याच वेळा पाळा म्हणावं.