प्रश्नावलीचे प्रमाणीकरण: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

एम.एड. किंवा पीएच.डी.चा आराखडा मंजूर झाला की मार्गदर्शकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: साधन कोणते, त्याची वैधता आणि विश्वसनीयता किती? मग चार-पाच प्राध्यापकांच्या सह्यांची प्रमाणपत्रे गोळा होतात, शेवटी कोणाला तरी पैसे देऊन क्रॉनबॅक अल्फा काढून घेतला जातो आणि प्रमाणीकरण झाले असे मानले जाते. हा खर्च चुकीच्या टोकाला होतो. विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात, एवढेच अल्फा सांगतो. ती विधाने परीक्षेची भीती मोजतात की मुलाची वाचनातली अडचण, हे अल्फावरून कळत नाही. ते कळते भाषा, तज्ज्ञ आणि मुलांशी बोलणे या सुरुवातीच्या पायऱ्यांवर. पैसा आणि वेळ तिथे घालावा.

पहिली पायरी: तयार साधन शोधा

नवी प्रश्नावली बनवणे हा सर्वांत महाग मार्ग. आधी शोधगंगेवरचे मराठी प्रबंध चाळा. त्याच विषयावर कोणी मराठी रूपांतर केले असेल तर त्यांना परवानगी मागा.

जुन्या, नावाजलेल्या श्रेण्यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. रोझेनबर्ग यांची १९६५ची स्वप्रतिष्ठा श्रेणी (१० विधाने) संशोधनासाठी मोफत वापरता येते. शिक्षकांच्या थकव्यासाठी मास्लॅक यांची श्रेणी प्रसिद्ध आहे, पण तिचा परवाना प्रतीगणिक विकत घ्यावा लागतो. त्याऐवजी कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी (१९ प्रश्न) मोफत आहे. मुलांच्या वर्तनासाठी गुडमन यांची २५ विधानांची श्रेणी कागदावर विनानफा वापरासाठी मोफत आहे, मात्र ती परवानगीशिवाय गुगल फॉर्मवर चढवता येत नाही. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

भारतीय चाचण्यांसाठी आग्र्याच्या नॅशनल सायकॉलॉजिकल कॉर्पोरेशनसारखे प्रकाशक आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीतही मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम चालते. संच घेण्याआधी त्याची पुस्तिका पाहा: नमुना कोणत्या राज्यातला, कोणत्या माध्यमाचा, कोणत्या वर्षीचा? हिंदी माध्यमाच्या मुलांवर ठरवलेली मानके मराठी शाळेतल्या मुलांना जशीच्या तशी लावता येत नाहीत.

दुसरी पायरी: भाषांतर

दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत करायचे, बसून एक मसुदा ठरवायचा, आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने तो परत मूळ भाषेत न्यायचा. अर्थ कुठे सरकला ते या उलट भाषांतरात दिसते. ही पायरी गाळून वाचणारे पैसे पुढे दुपटीने जातात.

मराठीची स्वतःची एक अडचण आहे. 'मी घाबरतो' लिहिले तर मुलगी अडते, 'घाबरतो/घाबरते' लिहिले तर वाचन जड होते. 'मला भीती वाटते' अशी रचना केली की प्रश्न सुटतो. 'मला अभ्यास आवडत नाही' या विधानापुढे 'असहमत' हा पर्याय आला की आठवीतल्या मुलाचा दुहेरी नकारात गोंधळ होतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या भागात मुलांची घरची भाषा वेगळी असेल, तर विधाने वाचून दाखवण्याची सोय धरा.

तिसरी पायरी: तज्ज्ञ

नुसती सही घेऊ नका. प्रत्येक विधानासमोर तज्ज्ञाने 'आवश्यक', 'उपयुक्त पण आवश्यक नाही' किंवा 'अनावश्यक' अशी खूण करायची. लॉशे यांनी १९७५मध्ये दिलेले सूत्र सोपे आहे: 'आवश्यक' म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करा आणि उत्तराला त्याच निम्म्या संख्येने भागा. १० तज्ज्ञांपैकी ९ जणांनी 'आवश्यक' म्हटले तर उत्तर ०.८० येते. १० तज्ज्ञांसाठी किमान ०.६२ लागते, त्यामुळे विधान राहते. पाचच तज्ज्ञ असतील तर पाचांचेही एकमत हवे. तज्ज्ञांमध्ये त्या वर्गाला रोज शिकवणारे किमान दोन शिक्षक असावेत. मुलांची भाषा त्यांना ठाऊक असते.

चौथी पायरी: मुलांसमोर

आधी दहा मुलांसोबत एकेक विधान वाचा आणि 'तुला यातून काय समजलं?' असे विचारा. या पायरीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि सर्वाधिक दोष इथेच सापडतात. मग ४० जणांवर पथदर्शी चाचणी घ्या. मुख्य नमुन्यासाठी सर्वसाधारण संकेत विधानामागे ५ ते १० जणांचा आहे. घटक विश्लेषणासाठी ३०० हा चांगला आकडा मानतात. त्यातल्या साठेक जणांना दोन-तीन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्या.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांचे संमतिपत्र घ्याच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी, तर १२ ते १८ वयोगटाची लेखी सहमतीही लागते. संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज लवकर द्या.

पाचवी पायरी: आकडेमोड

एसपीएसएससाठी पैसे मोजण्याआधी विद्यापीठाकडे परवाना आहे का ते विचारा. जास्प, जामोवी आणि आर ही मोफत सॉफ्टवेअर अल्फा, पद विश्लेषण आणि घटक विश्लेषण सगळे करतात. घटकांची रचना शोधणे आणि ती पडताळणे ही दोन कामे एकाच ३०० जणांवर करू नका. दुसऱ्या कामाला वेगळा नमुना लागतो.

नमुना हिशेब

साधन ३० विधानांचे, इयत्ता नववी, पाच शाळा. खालचे दर हिशेबापुरते धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून बेरीज पुन्हा करा.

- भाषांतर: ५०० शब्द, तीन वेळा, शब्दाला २ रु.: ३,००० रु.
- तज्ज्ञांचे मानधन: ६ जण, प्रत्येकी १,००० रु.: ६,००० रु.
- दहा मुलांशी चर्चा, प्रवास: ५०० रु.
- पथदर्शी: ४० प्रती, प्रत्येकी ८ रु.: ३२० रु.
- मुख्य नमुना: ३०० आणि अपुऱ्या उत्तरांसाठी ३० जादा, अशा ३३० प्रती: २,६४० रु.
- पुनर्चाचणी: ६० प्रती: ४८० रु.
- संमतिपत्रे: ३८०, प्रत्येकी २ रु.: ७६० रु.
- प्रवास: पाच शाळा, दोन फेऱ्या, फेरीला ३०० रु.: ३,००० रु.
- संगणकात नोंदी: ३९० प्रती, प्रत्येकी ५ रु.: १,९५० रु.
- संख्याशास्त्रज्ञाचे शुल्क: ६,००० रु.

एकूण २४,६५० रु. नोंदी आणि आकडेमोड स्वतः केली तर १६,७०० रु. रचना पडताळण्यासाठी आणखी ३३० जण घेतले तर प्रती, संमतिपत्रे, नोंदी आणि प्रवास मिळून ७,९५० रु. वाढतात.

पैसे देण्याआधी विचारा

- कोणती विश्लेषणे करणार, आणि का? उत्तर लेखी घ्या.
- मूळ डेटा फाइल आणि आकडेमोडीचे टप्पे मिळतील का?
- गाळलेली विधाने आणि गाळण्याचे कारण अहवालात येईल का?
- मौखिक परीक्षेआधी समजावून सांगायला वेळ देणार का?

'अल्फा ०.९ची हमी' देणाऱ्याकडे जाऊ नका. उत्तरे हाती येण्याआधी अल्फा कोणालाच माहीत नसतो. उत्तरपत्रिका 'भरून देतो' म्हणणारा तुमच्या हातून बनावट संशोधन करवून घेतो.

पैसे कमी असतील तर

पायऱ्या गाळू नका, दावा लहान करा. ३० ऐवजी १२ विधाने ठेवा आणि एकाच तालुक्यातल्या एकाच इयत्तेपुरते बोला. शिकवत असलेल्या शिक्षकाने फक्त आपल्या शाळेपुरती प्रश्नावली करायची असेल तर दहा मुलांशी चर्चा, चार सहकाऱ्यांचे मत आणि पथदर्शी चाचणी एवढे पुरे. तिच्यावरून मुलांना 'उच्च' किंवा 'निम्न' असे शिक्के मात्र देऊ नका.

असे का, ते एका हिशेबावरून समजते. विश्वसनीयता ०.८० आणि प्रमाण विचलन १० असेल तर मापनाची प्रमाण चूक सुमारे ४.५ गुणांची असते. म्हणजे ६० गुण मिळालेल्या मुलीचे खरे गुण साधारण ५१ ते ६९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतात. ५५च्या खाली 'समुपदेशन हवे' अशी रेषा आखली, तर ती मुलगी रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे आपण खात्रीने सांगू शकत नाही. त्यामुळे अहवालात अल्फाशेजारी प्रमाण चूकही छापा, नमुना कोणत्या शाळांचा होता ते लिहा, आणि एकट्या गुणांवरून कोणत्याही मुलाबद्दल निर्णय घेऊ नये हे वाक्य प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर ठेवा.